'गुरुजी' नावाखालची रिकामी चौकट

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ६१. माझे यजमान हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. गेल्या श्रावणात ते गेले. घरात टेबलावरचा एक कॉम्प्युटर आहे, विंडोज १० चा. त्यात त्यांनी दोन खाती करून ठेवली होती, त्यांचं 'गुरुजी' आणि माझं 'बाई'. माझा पासवर्ड मला पाठ आहे. त्यांचा त्यांनी लपवला असं नाही, मीच कधी विचारला नाही.

नातीच्या शाळेच्या कामासाठी नवा प्रिंटर घेतला. तो जोडून त्याचं सॉफ्टवेअर घालायला गेलं की पडदा काळवंडतो, मधोमध एक खिडकी येते आणि त्यात 'गुरुजी' असं नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट दिसते. प्रत्येक वेळी. मुलगा पुण्याला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवरून काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायला लावली, तर 'सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड' असं आलं. बाजारपेठेतल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "प्रत्येक विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं एक लपलेलं खातं असतंच. ते उघडलं की काम झालं. नाहीच उघडलं तर ५०० रुपयांत फॉरमॅट मारून देतो, पण आतलं सगळं जाईल."

आत शेताचे स्कॅन केलेले कागद आहेत, नातवंडांचे फोटो आहेत आणि यांनी आयुष्यभर लिहिलेले लेख आहेत. ते लपलेलं खातं खरंच असतं का? ते मला उघडता येईल का? आणि आणखी एक. त्यांच्या माघारी त्यांच्या खात्यात शिरायला मन धजत नाही. तुम्हाला काय वाटतं?

— एक वाचक, जि. सांगली

उत्तर

ताई,

फॉरमॅट करू देऊ नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण एवढं आधी. कॉम्प्युटर घरातच राहू दे, आणि कोणी कितीही आपुलकीने म्हणालं तरी 'ठेवून जा, उद्या घेऊन जा' याला तयार होऊ नका.

हे मी इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. २००९ साली आमच्या घरचा कॉम्प्युटर सुरूच होईना म्हणून मी तो एका दुकानात देऊन आले. दुसऱ्या दिवशी तो लख्ख होऊन परत आला, अगदी नव्यासारखा. त्यात माझ्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, स्वस्तातला माइक लावून, दोन दुपारी बसून. त्या गेल्या. दुकानदार वाईट माणूस नव्हता. 'आत काही ठेवायचं आहे का' असं त्याने विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. आई तेव्हा हयात होती, पण पुन्हा बसून गाण्याइतका दम तिच्यात उरला नव्हता.

तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेते, कारण तो सुटला नाही तर बाकीचं हातून होणार नाही. सरांनी तुमच्यासाठी वेगळं खातं केलं ते तुम्हाला बाहेर ठेवायला केलं असं मला वाटत नाही. आपल्या फायली आणि बाईंच्या फायली एकमेकांत मिसळू नयेत, चुकून काही पुसलं जाऊ नये, एवढीच शिक्षकी शिस्त त्यात असावी. शेताचे कागद त्यांनी घरासाठी स्कॅन केले. फोटो घराचे आहेत. लेख वाचले जावेत म्हणून लिहिले. माणूस गेल्यावर त्याचं कपाट घरातलंच कोणीतरी आवरतं, आणि ते काम शक्यतो बायकोने करावं, दुकानातल्या पोराने नव्हे. आत गेल्यावर एखादी वही न उघडता बाजूला ठेवावीशी वाटली, तर तशी ठेवा. तो अधिकारही तुमचाच आहे.

आता लपलेल्या खात्याबद्दल. दुकानदार खोटं बोलला नाही, पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे कॉम्प्युटरवर हवे ते बदल करायची परवानगी असलेलं खातं, आणि त्याच नावाचं एक खातं प्रत्येक विंडोजमध्ये जन्मापासून असतं. विंडोज प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक क्रमांक देतं. माणसांनी केलेल्या खात्यांच्या क्रमांकाचा शेवट साधारण १००० पासून पुढे जातो, आणि या मूळ खात्याच्या क्रमांकाचा शेवट कायम ५०० असतो. त्याचं नाव बदललं तरी ५०० सुटत नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हा हे खातं नुसतं नजरेआड असायचं. घरगुती आवृत्तीत कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी अगदी जरुरीपुरत्या गोष्टींवर, सुरू केला की ते समोर यायचं, आणि बहुतेक घरांत त्याला पासवर्डच नसायचा. दुकानांतल्या मंडळींचा हात तिथे बसला. 'लपलेलं खातं उघडू' हे वाक्य त्या काळातलं आहे. पुढे २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं, तेव्हापासून हे खातं लपवलेलंही असतं आणि बंदही केलेलं असतं. ते चालू करायची आज्ञा आहे, 'नेट यूजर ॲडमिनिस्ट्रेटर' आणि त्यापुढे 'ॲक्टिव्ह येस'. तुमच्या मुलाने बहुधा हीच ओळ टाइप करायला लावली असणार. पण ती आज्ञा पाळायची की नाही हे विंडोज आज्ञा देणाराकडे बघून ठरवतं. 'बाई' हे साधं खातं आहे, म्हणून एरर ५. तीच काळी खिडकी (तिचं नाव कमांड प्रॉम्प्ट) 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडायला गेलात तर पुन्हा गुरुजींची चौकट येईल. किल्ली तिजोरीत आणि तिजोरीला कुलूप, असा हा प्रकार आहे.

मग सेफ मोडचं काय? तिथे अजून एक दार आहे, पण त्याची अट कडक आहे. कॉम्प्युटरवर दुसरं एकही चालू ॲडमिनिस्ट्रेटर खातं उरलेलं नसेल, तरच सेफ मोड हे मूळ खातं आत येऊ देतो. विंडोजने ती सोय अपघातासाठी ठेवली आहे. तुमच्याकडे 'गुरुजी' खातं चालू आहे. पासवर्ड आपल्याला माहीत नाही हे विंडोजला कळत नाही, त्याच्या लेखी घरात एक ॲडमिनिस्ट्रेटर आहे आणि तेवढं पुरे. म्हणून तुम्ही सेफ मोडमध्ये गेलात तरी तिथे 'गुरुजी' आणि 'बाई' हीच दोन नावं दिसतील.

(हे सदर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा अपघात वेगळा असू शकतो, म्हणून इथे थोडं थांबते. मुलांनी काही बिघडवू नये म्हणून एखाद्याने स्वतःचंच एकमेव खातं 'स्टँडर्ड', म्हणजे साधं, करून टाकलं, तर परवानगीच्या खिडकीत पासवर्डची चौकटसुद्धा येत नाही. 'येस' फिकट पडलेलं असतं आणि दाबण्याजोगं फक्त 'नो' राहतं. अशांना सेफ मोडचं दार उपयोगी पडतं. साइन-इनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ चा आकडा. ॲडमिनिस्ट्रेटर दिसला तर पासवर्ड रिकामा ठेवून आत जायचं, कंट्रोल पॅनलमधून आपलं खातं पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर करायचं आणि बाहेर यायचं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे आतला मजकूर किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा सांकेतिक करून ठेवलेला, असेल तर वाटेत ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.)

तुमच्याकडे वळते. पासवर्डच्या मागे लागण्याआधी एक काम करा, त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही. 'बाई' खात्यातून 'धिस पीसी' उघडा आणि सी खेरीज डी, ई असे भाग दिसतात का पाहा. आपल्याकडे दुकानात जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे असे दोन-तीन भाग करून देण्याची पद्धत आहे, आणि 'महत्त्वाचं डी मध्ये ठेवा' असं तो जोडणाराच सांगतो. तिथे ठेवलेल्या फायली सहसा घरातल्या सगळ्या खात्यांना उघडता येतात. सरांसारख्या नीटनेटक्या माणसाने शेताचे कागद डी मध्ये ठेवले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. सी मधल्या 'यूजर्स' फोल्डरमध्ये 'पब्लिक' नावाचाही एक फोल्डर असतो, तोही उघडून बघा. जे सापडेल ते आजच एका पेन ड्राइव्हवर घ्या. शक्य असेल तर दोन ड्राइव्हवर, आणि त्यातला एक मुलाकडे पाठवा. त्याच 'यूजर्स' मध्ये 'गुरुजी' फोल्डरही दिसेल, पण त्यावर क्लिक केलं की परवानगी नाही असं येईल. तिथे अडकून पडू नका.

लेखांबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, ती दुकानदार सांगणार नाही आणि कदाचित मुलाच्याही लक्षात येणार नाही. सरांनी लेख कशात टाइप केले होते? मराठीच्या शिक्षकांनी, छापखान्यांनी, दिवाळी अंकवाल्यांनी वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. त्या फायली युनिकोडमधल्या, म्हणजे आज सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं दिसणाऱ्या मराठीतल्या, नसतात. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तरच 'शाळा' हा शब्द 'शाळा' दिसतो. नसेल तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांचा कचरा दिसतो, आणि घरच्यांना वाटतं फाइल खराब झाली. ती खराब झालेली नसते. म्हणून सी मधल्या 'विंडोज' फोल्डरातला 'फॉन्ट्स' फोल्डर उघडा. त्यात 'श्री-देव' किंवा 'शिवाजी' अशी नावं दिसली तर ते फॉन्टही पेन ड्राइव्हवर घ्या. 'बाई' खात्यातून ते कॉपी करता येतात. लेख हाती राहिले आणि फॉन्ट गेले, तर पुढे महिनाभर डोकं धरून बसावं लागेल.

आता गुरुजींचं दार.

कॉम्प्युटर सुरू केल्यावर डाव्या कोपऱ्यात खाली दोन्ही नावं असतात. 'गुरुजी' निवडा. पासवर्डच्या जागी मुद्दाम काहीतरी चुकीचं टाइप करून एंटर दाबा. विंडोज नाही म्हणेल, तिथे ओके करा. मग जे दिसेल ते शब्दन् शब्द कागदावर उतरवून घ्या, कारण पुढचा रस्ता त्या ओळीवर ठरतो.

नकाराच्या संदेशात 'मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असे शब्द आले, किंवा परवानगीच्या त्या काळवंडलेल्या खिडकीत 'गुरुजी' नावाखाली ईमेल पत्ता दिसला, तर ते खातं इंटरनेटशी जोडलेलं आहे. ते त्या कॉम्प्युटरवर सोडवायचं नसतं. मुलाच्या किंवा तुमच्या मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन पानावर जाऊन 'पासवर्ड विसरलो' निवडायचं. सरांच्या मोबाइलवर किंवा त्यांच्या दुसऱ्या ईमेलवर एक कोड येईल, तो घालून नवा पासवर्ड ठेवायचा. मग कॉम्प्युटर इंटरनेटला जोडून तोच पासवर्ड तिथे द्यायचा. यासाठी सरांचं सिमकार्ड जिवंत हवं. ताई, त्यांचा नंबर अजून चालू असेल तर आजच रिचार्ज करा, छोटं का होईना. बरेच महिने तसंच पडून राहिलेलं सिम बंद होतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्याच माणसाच्या हाती जातो. मायक्रोसॉफ्टचं खातंही सलग दोन वर्षं कोणी वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. श्रावण उलटून किती महिने झाले ते तुम्हाला माहीत आहे.

पण माझा अंदाज आहे की तुमचं खातं असं नसावं. घरातल्या टेबलावर 'गुरुजी' आणि 'बाई' अशी साधी नावं ठेवणाऱ्या माणसाने बहुधा ईमेल न जोडताच खाती केली असतील. तसं असेल तर चुकीचा पासवर्ड दिल्यावर चौकटीखाली दोन गोष्टी दिसू शकतात. एक म्हणजे इशारा, पासवर्ड ठेवताना त्यांनी स्वतःसाठी लिहिलेला एखादा शब्द. तो तुमच्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार नाही. दुसरी म्हणजे 'रिसेट पासवर्ड' अशी ओळ.

त्या ओळीवर क्लिक करा. २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये असं खातं करताना तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, आणि पासवर्ड विसरला की तेच तीन प्रश्न समोर येतात. विंडोजकडे प्रश्न एकूण सहाच आहेत: पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मगाव, लहानपणी घरात काय म्हणून हाक मारायचे, आईवडील पहिल्यांदा कोणत्या गावात भेटले, सगळ्यांत थोरल्या चुलत-मावस भावंडाचं नाव, आणि पहिली शाळा. सरांनी यातले तीन निवडले असतील.

हे वाचताना तुमच्या मनात उत्तरं उमटायला लागली असतील. जगात दुसऱ्या कोणाला ती इतकी नेमकी माहीत नाहीत. आता कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक उत्तर किती प्रकारे लिहिता येईल ते मांडा. सरांनी ते बहुधा इंग्रजी अक्षरांत लिहिलं असणार, आणि मराठी नाव इंग्रजीत लिहायचे रस्ते अनेक. 'बाळू' च्या शेवटी एक यू की दोन ओ? 'शाळा' मधला ळ त्यांनी एलने लिहिला असेल. 'मिरज' एकाच प्रकारे लिहिता येतं, पण 'सांगली' च्या शेवटी आय की डबल ई, ते त्यांच्या जुन्या ईमेलमध्ये किंवा पाकिटांवरच्या पत्त्यांत बघा. शाळेचं नाव पूर्ण 'जीवन शिक्षण मंदिर' असं लिहिलं असेल किंवा नुसतं गावाचं नाव टाकलं असेल. थोरलं भावंड म्हणजे आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस यांतलं कोण, हा प्रश्न इंग्रजीत सुटतो पण आपल्या घरात सुटत नाही. माझा कौल चुलत भावाला. आणि आईवडील कुठे भेटले याचं उत्तर त्या पिढीसाठी लग्नाचं गाव असणार, कारण त्याआधी ते भेटलेच नसतील. सासूबाईंचं माहेर आठवा.

तिन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असावी लागतात, आणि कोणतं चुकलं ते विंडोज सांगत नाही. म्हणून एका वेळी एकच उत्तर बदला आणि केलेला प्रयत्न कागदावर खूण करून ठेवा. घाई नको. चार वाजता चहा घेऊन बसा, सात-आठ प्रयत्न करा, उठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सरांच्या एखाद्या बहिणीला किंवा शाळासोबत्याला फोन करा आणि सरळ विचारा, 'यांना लहानपणी काय म्हणायचे?' कदाचित तुम्हालाही माहीत नसलेलं एखादं नाव निघेल.

प्रश्न न येता 'पासवर्ड रिसेट डिस्क घाला' असं काही आलं, तर सरांचे ड्रॉवर उपसा. जुन्या विंडोजपासून एक सोय आहे. कधीतरी शहाणपणाने पेन ड्राइव्हवर एक छोटी किल्ली-फाइल बनवून ठेवता येते, तिचं नाव 'यूजरकी' असतं आणि पुढे टिंब देऊन 'पीएसडब्ल्यू'. एकदा बनवली की मधल्या काळात पासवर्ड कितीदा बदलला तरी ती त्या खात्याला चालते. घरात जितके पेन ड्राइव्ह सापडतील तितके 'बाई' खात्यात लावून बघा. त्यांच्या डायरीची शेवटची पानं, टेलिफोनची वही, कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात खालून चिकटवलेला कागद, हेही बघा. शिक्षक लिहून ठेवतो. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत पासवर्ड शेवटी कागदावरच सापडला आहे.

एवढं करूनही दार उघडलं नाही, तरी हार मानायचं कारण नाही. मात्र तेव्हा दुकानात जाऊन काय मागायचं ते नीट ठरवा. 'पासवर्ड काढून द्या' असं म्हणू नका. म्हणा, 'डिस्क बाहेर काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि गुरुजींचा फोल्डर या नव्या एक्स्टर्नल डिस्कवर माझ्यासमोर कॉपी करा.' डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर हे अगदी साधं काम आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरचा मालक तिथे ॲडमिनिस्ट्रेटर असतो, त्याने परवानगी दिली की फोल्डर उघडतो. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर एन्क्रिप्शन क्वचितच असतं. मुलाला एखाद्या शनिवारी येता आलं, तर डिस्क जोडायच्या हजारभर रुपयांच्या आतल्या केबलने हे तोच घरी करू शकेल. माझी पसंती त्याला आहे.

दुकानांत असेही पेन ड्राइव्ह असतात, ते लावून कॉम्प्युटर सुरू केला की खात्याचा पासवर्ड सरळ पुसता येतो. तो मार्ग मी सगळ्यांत शेवटी ठेवते. जबरदस्तीने पासवर्ड बदलला की विंडोज त्या खात्याच्या नावाने जपून ठेवलेल्या इतर गोष्टींचं कुलूप उघडू शकत नाही. ब्राउझरने लक्षात ठेवलेले सरांचे पासवर्ड जातात. कोणत्या विम्याचा, कोणत्या बँकेचा, कोणत्या ईमेलचा कोणता, हे तुम्हाला पुढे लागू शकतं. हा मार्ग घ्यावाच लागला तर आधी पूर्ण कॉपी आणि मग तो पेन ड्राइव्ह, हा क्रम उलटू देऊ नका.

आत गेल्यावर पहिलं काम कॉपीचंच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, चारही फोल्डर. प्रिंटर त्यानंतर. मग सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे फॅमिली अँड अदर यूजर्स, त्यात 'बाई' निवडून 'चेंज अकाउंट टाइप' करून ॲडमिनिस्ट्रेटर ठेवा. पुढे 'बाई' खात्यातून तीच यादी उघडलीत तर 'गुरुजी' पुढे 'रिमूव्ह' असं बटण दिसेल. ते दाबू नका. कोणी 'आता हे खातं कशाला हवं' म्हणून दाबायला आलं तर हात धरा. त्या बटणाबरोबर खात्यातल्या फायलीही पुसल्या जातात. खातं तसंच राहू दे, ते काही खात नाही.

लपलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं चालू करायचा मोह तेव्हा होईल, कारण आता मुलाची ती ओळ चालेल. मी ते चालू ठेवणार नाही. त्या खात्यात काहीही करताना विंडोज थांबून विचारत नाही, पडदा काळवंडत नाही, आणि पासवर्ड आपण होऊन ठेवेपर्यंत तिथे तो नसतो. त्यापेक्षा मुलाच्या नावाने तिसरं खातं करा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर ठेवा, आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात शेताच्या कागदांबरोबर ठेवा. दोन खाती, दोन माणसं, दोन पासवर्ड. एक हरवला तर दुसऱ्याने आत जाता येईल. कागदावर लिहू नये असं लोक सांगतात, ते कार्यालयात ठीक आहे. घरात तुमच्या कपाटापर्यंत चोर आला तर तो पासवर्डचा कागद शोधत बसणार नाही.

एक तारीखही लक्षात ठेवा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती कॉम्प्युटरना आणखी एक वर्षाची वाढीव सुरक्षा घेता येते, पण तिची नोंदणी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच होते. म्हणजे प्रिंटर नसता तरी हे दार कधीतरी उघडावंच लागलं असतं. तोपर्यंत त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम करू नका, मोबाइलवरून करा.

नातीचं काम मात्र अडायला नको. प्रिंटरवर वाय-फाय असेल तर त्या कंपनीचं ॲप तुमच्या मोबाइलमध्ये घ्या, कॉम्प्युटरशिवाय छापता येईल.

आज संध्याकाळी गुरुजींच्या नावावर क्लिक करून एकदा चुकीचा पासवर्ड द्या, आणि खाली जी ओळ येईल ती जशीच्या तशी मला लिहून पाठवा. तिचा फोटो काढून मुलाने पाठवला तरी चालेल, फक्त फोटोत कोणाचा ईमेल पत्ता दिसत असेल तर तो झाका. आणि ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह सापडले तर किती सापडले तेही कळवा.

तुमची,
सदरलेखिका